जरीकाठाची कातडी

ऊती-अभियांत्रिकी परिषदेच्या व्यासपीठावर प्रमुख पाहुण्यांच्या खांद्यावर शाल चढली. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या कातडीची, वर जरीकाठ लावलेली! पहिल्या रांगेतल्या डॉ. मृदुला केंकरेंनी टाळी वाजवली नाही. त्यांनी आपल्या वॉर्डातल्या भाजलेल्या पोरीसाठी हीच कातडी मागितली, तेव्हा संयोजक चिटणीसांनी "शिल्लकच नाही हो, मॅडम" म्हणून त्यांना वाटेला लावलं होतं.

"गरम का लागतेय ही?" पाहुण्यांनी विचारलं.

"जिवंत आहे, साहेब!" चिटणीस लाळघोटेपणाने म्हणाले.

पाहुण्यांनी शिसारी येऊन शाल खुर्चीवर फेकली. एसीच्या झोतात ती सुरकुतू लागली.

चिटणीसांनी तसलीच दुसरी शाल सीलबंद पेटीसकट उचलली. "आता सत्कार ही कातडी शोधून काढणाऱ्या डॉ. केंकरेंचा!"

मृदुलाताईंनी वर जाऊन पेटीच काढून घेतली.

"माझ्या अंगावर कातडी आहे, चिटणीस. जिच्या नाही, तिला लावते. जरीकाठ उसवून तुम्हाला पाठवून देईन."