दिवा हिरवाच होता

"हे घ्या. दुकानातलं सगळ्यात भारी कार्ड," म्हणत दुकानदाराने चकचकीत खोका काउंटरवर ठेवला.

तिने खोका उलटा केला आणि मागची बारीक अक्षरं शेवटपर्यंत वाचली. "हे चार-चार डिस्क जोडून चालवायचं कार्ड आहे. मला बॅकअपचा एक जुना टेप ड्राइव्ह जोडायचाय. याला तो दिसणारही नाही. साधं कंट्रोलर कार्ड द्या." मग पर्समधून बाळाच्या दुपट्यात गुंडाळलेली केबल काढली. "आणि ही त्याला बसली पाहिजे. अडुसष्ट पिना आहेत. मोजल्यात मी."

"मोजल्यात?"

"दोनदा."

दुकानदाराने तीन खण उपसले. चौथ्यात, धुळीखाली, एक बिनखोक्याचं कार्ड सापडलं. तिने केबल लावून पाहिली. नव्या कॉम्प्युटरवर ते चालेल का, हे खोदून खोदून विचारलं. शेवटी म्हणाली, "आणि टेपवरचं परत वाचता येईल ना?"

"बाई, लोक बॅकअप घेतात. वाचायला कोण बसलंय?"

"मग घेतात कशाला?" तिने विचारलं. दुकानदाराने कार्ड पिशवीत घातलं.

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तिला सगळे खात्रीबाई म्हणत. बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यापासून तर तोंडावरच म्हणत. रोज अकराला आणि चारला ती घरी फोन लावी. "आई, झोपलाय ना? श्वास बघितलात?" पलीकडून सासूबाई म्हणत, "अगं, चांगला घोरतोय. तुझ्या फोननंच उठायचा!" घरी असली की झोपलेल्या बाळाच्या नाकाशी ती स्वतः बोट धरून बघे. एकदा बघून भागत नसे.

आजही कार्ड बसवायच्या आधी तिने अकराचा फोन उरकला. शेजारच्या टेबलावरून मास्तर हसले. "खात्रीबाई, घरात माणसं आहेत ना? मग? माझ्या टेपकडे बघा. सकाळी आलो, दिवा हिरवा दिसला, की मी निवांत. दिव्यावर विश्वास ठेवायला शिका."

मास्तरांना हे बोलायचा हक्क होता. गावभर जमिनीखालून गेलेल्या पाण्याच्या नळांचे नकाशे त्यांनीच काढले होते, आधी कागदावर, मग कॉम्प्युटरवर. कुठली झडप कुठल्या रस्त्याखाली आहे, हे त्या नकाशांशिवाय कुणालाच सांगता आलं नसतं. ते सगळे आता एका डिस्कवर होते, आणि ती डिस्क आठवडाभर टकटक वाजत होती. उद्या सकाळी ती मोडीत काढायची, नवी बसवायची आणि टेपवरचे नकाशे तिच्यावर उतरवायचे, असं ठरलं होतं. नेमका आज सकाळी टेपचा जुना कॉम्प्युटर बंद पडला, म्हणून हा कार्डाचा खटाटोप.

कार्ड खाचेत खट्कन बसलं. केबल बसली. ड्राइव्ह घुरघुरला आणि दिवा लागला. हिरवागार.

"झालं!" मास्तरांनी टाळी वाजवली. "उद्याची काळजी मिटली."

"एक टेप वाचून बघू या का?"

"आता दिव्यालाही नाकाशी बोट धरणार?" म्हणाले खरे, पण कौतुकाने कालची टेप पुढे केली. तिच्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात वार लिहिला होता. रोज संध्याकाळी एक टेप ते डब्याच्या पिशवीत, स्वच्छ नॅपकिनात गुंडाळून घरी नेत आणि कपाटात स्वेटरच्या घडीत ठेवत. ऑफिसला आग लागली तरी नकाशे वाचावेत म्हणून.

टेप फिरली. पडद्यावर एकच फाइल आली. तिने उघडली.

'पंपाच्या खोलीत चपला घालून जाऊ नये.'

तिने परवाची टेप घातली. चपला. आठवड्याच्या पाचही टेपांवर चपला.

उलगडा व्हायला तासभर गेला. तीन वर्षांपूर्वी नकाशे मोठ्या डिस्कवर हलवले होते. टेपला ते कुणी सांगितलंच नव्हतं. ती बिचारी रोज इमानेइतबारे जुन्या, रिकाम्या फोल्डरची नक्कल करत राहिली. त्यात मागे राहिली होती एवढी एक सूचना.

मास्तर खुर्चीत बसले. "तीन वर्षं," ते म्हणाले, "मी ही चपलांची पाटी स्वेटरात जपतोय."

"डिस्क अजून चालू आहे, मास्तर," ती म्हणाली. "उठा. मला फोल्डर दाखवा."

दुपारभर दोघं जागचे हलले नाहीत. एकीकडे डिस्क टकटकत होती, दुसरीकडे टेप फिरत होती. कुणीतरी ठेवलेला चहा निवून त्यावर साय धरली. साडेचारला शेवटचा नकाशा टेपवर गेला आणि दिवा हिरवा झाला. या वेळी मास्तर त्याच्याकडे बघत बसले नाहीत. त्यांनी स्वतः टेप पुन्हा लावली आणि त्यावरचा आपला पहिला नकाशा उघडला. एकेका झडपेवर बोट ठेवत गेले. मग दुसरा उघडला. मग शेवटचा. सगळं जागच्या जागी होतं.

तिने पाठ टेकली. कितीतरी दिवसांनी तिला छान, हलकं वाटत होतं. इतकं की घड्याळाकडे तिचं लक्षही गेलं नव्हतं.

मास्तरांचं गेलं. त्यांनी टेबलावरचा फोन उचलून तिच्या पुढ्यात ठेवला.

"चार वाजून गेले, बाई. घरी फोन लावा," ते म्हणाले. "आणि सासूबाईंना सांगा, घोरतोय म्हणून भागायचं नाही. नाकाशी बोट धरून बघा."