बाळाला आम्ही आहोत ना!

"तू नुसती चल गं, बाळाला बघायला आम्ही आहोत ना!" सासूबाईंनी भरीस घातलं, म्हणून सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन मीही घरच्यांबरोबर क्रूझवर निघाले.

जहाजावर आजी, आत्या, काका, सगळ्यांनी बाळाला पाच-पाच मिनिटं घेतलं, फोटो काढले आणि "भूक लागली वाटतं गं याला," म्हणत परत माझ्याच हातात दिलं. नवरा तर पोहायला जो गेला तो गेलाच. चार दिवस मी समुद्र पाहिला तो केबिनच्या गोल खिडकीतून, बाळाला थोपटता थोपटता.

शेवटच्या दिवशी केबिन साफ करायला येणारा माणूस दाराकडे बघत हळूच म्हणाला,



"ताई, आम्हाला निदान दुपारी दोन तास सुट्टी असते. हे लोक तुम्हाला तेवढीही देत नाहीत? कामाला दुसरं घर बघा."