पिन सांग

ओठांत पिना धरून ती गिऱ्हाइकाच्या कोटाला बाही लावून बघत होती, तेवढ्यात नवरा तिचा मोबाइल नाचवत आत आला.

"पिन सांग! कोणाशी चोरून बोलतेस ते बघतोच आज."

तिने बोटाने ओठांकडे खूण केली. त्याला वाटलं, ही आपल्यालाच गप्प बसायला सांगतेय. त्याने खाडकन तिच्या कानाखाली वाजवली.

पिना जिभेत, गालात घुसल्या. रक्ताने भरलेल्या तोंडातून एकेक उपसून तिने शिलाई मशीनवर ठेवली. मग तोंड पुसून म्हणाली, "आपल्या छकुलीची जन्मतारीख."

त्याने घाईघाईने मोबाइल डोळ्यांसमोर धरला.



बोट आकड्यांवर अडलं. "म्हणजे... कोणती?"