अंगठीवाली

पास्टर मुकीबी गाडीतून उतरले आणि कासोझीच्या अंगणात, भर धुळीत, नालोंगोपुढे गुडघे टेकून बसले. आमच्याकडे गुडघे टेकतात त्या बायका, पुरुषांपुढे. इथे मतं मागायला आलेला एवढा मोठा माणूस, पांढरीशुभ्र पँट, आणि कासोझीच्या थोरल्या बायकोपुढे गुडघ्यांवर!

"नालोंगो, जुळ्यांची आई तुम्ही. या घराला बरकत आहे ती तुमच्यामुळे," तिचा हात दोन्ही हातांत घेऊन ते म्हणाले.

नालोंगो विरघळलीच. पण त्याहून गोड वाटला तो चुलीपाशी बसलेल्या धाकटीचा चेहरा. स्कोव्हियाकडे पाहून पास्टरांनी नुसती मान हलवली होती. जळ म्हणावं, जळ! नवऱ्याच्या ताटात आधी कुणी वाढायचं यावरून रोज भांडणारी सवत ती. सकाळी मटोकेसाठी उकडलेली कच्ची केळी मळायला बसताना मात्र तिने बोटातली अंगठी काढून नालोंगोकडेच दिली होती. "सांभाळ गं ताई, विकून खाऊ नकोस." नालोंगोने ती कमरपट्ट्यात खोचून ठेवली होती.

पास्टरांनी साबण लावून हात धुतले, केळीच्या पानावरचं वाफाळतं मटोके बोटं चाटत खाल्लं, आणखी मागून घेतलं.

"कुणाच्या हातचं हे?"

"माझ्या," नालोंगो घाईघाईने म्हणाली.

स्कोव्हियाने चुलीत लाकूड जरा जोरातच सारलं.

मग पास्टर ओट्यावर उभे राहिले. निवडून आलो की पहिला कायदा देवाचा, म्हणाले. एका घरात एकच बायको. अंगणात जमलेला गाव एकमेकांकडे बघू लागला. कासोझी आपल्या चपलांकडे बघत बसला. टाळ्या वाजवल्या त्या एकट्या नालोंगोने. एकच म्हणजे पहिलीच, यात विचारायचं काय? मनातल्या मनात तिने स्कोव्हियाची खोली रिकामी करून तिथे शेळ्यासुद्धा बांधल्या.

"चर्चमध्ये जिच्या बोटात अंगठी घातली, ती बायको," पास्टर पुढे म्हणाले. "घर तिचं, केळीची बाग तिची."

नालोंगोचे हात जागीच थांबले. तिच्या बापाच्या दारी कासोझीने शेळ्या नेल्या होत्या, केळ्यांच्या दारूने भरलेले भोपळे नेले होते. अंगठी नेली नव्हती. चर्चमधलं लग्न स्कोव्हियाचं. त्या दिवशीचा स्वयंपाक तेवढा नालोंगोचा.

"आणि बिनअंगठीची?" तिने विचारलं.

"तिच्यासाठी आपण प्रार्थना करू, आई."

इतक्या गोड आवाजात म्हणाले, की सगळ्या बायका आमेन म्हणाल्या. सवयीने नालोंगोच्याही तोंडून निघून गेलं.

आता पास्टरांना फोटो हवा होता. "या घरची अंगठीवाली कोण? हात वर करा पाहू!"

स्कोव्हियाचं बोट उघडं होतं. तिने नालोंगोकडे पाहिलं. नालोंगोने कमरपट्टा चाचपला, अंगठी काढली, आणि तिला काय सुचलं कोण जाणे, आपल्याच बोटात घातली. अंगठी पेरापर्यंत गेली आणि तिथेच रुतली. पुढे जाईना, मागे येईना.

"अहो, ती धाकटीची आहे!" गर्दीतलं कुणीतरी हसलं.

पास्टरही हसले. ओट्यावरून उतरून त्यांनी पुन्हा तिच्यापुढे गुडघे टेकले, पुन्हा तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि अंगठी हळूहळू फिरवत ओढू लागले. दुखत होतं.

"घट्ट बसलीय," ते स्कोव्हियाकडे वळून म्हणाले. "बाई, तो मघाचा साबण द्या जरा."

साबण स्कोव्हियाच्या पायाशीच पडला होता, अजून ओला. तिने झग्याचा घेर त्याच्यावर ओढून घेतला.

"साबण संपला, पास्टर," ती म्हणाली.