पाठीला बिलगलेली

डॉक्टर, तुम्ही मला खोटं पाडलंत. छातीतल्या गाठीला नुसता कपडा घासला तरी बोटांपर्यंत करंट जातो, हे मी दर खेपेला घसा फोडून सांगितलं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "साधी गाठ आहे, बाई. अशी गाठ दुखत नसते. डोक्यातून काढून टाका." घरी नवऱ्याने माझं नाव 'उघडी वायर' ठेवलं. पोरगी शाळेतून धावत आली की तो हसत ओरडायचा, "लांब राहा गं, शॉक बसेल!" आणि ती अंगावर झेपावली की मीही कळवळून तिला ढकलून द्यायचे.

शेवटी गाठ काढलीत. रिपोर्ट हातात नाचवत तुम्हीच म्हणालात, "मज्जातंतूच्या आवरणाची गाठ! स्तनात फार क्वचित सापडते. दुखणारच ती. पण कॅन्सर नाही, अगदी निरुपद्रवी. सुटलात तुम्ही!"

टाके निघाले. जखम भरली. आज शाळा सुटायच्या वेळेला माझे पाय घरात ठरेनात. दार वाजलं तशी मी उंबऱ्यातच गुडघे टेकून हात पसरले. "ये गं चिमणे, आता नाही दुखत मला."

ती थबकली. मला वळसा घालून मागे गेली आणि हळूच पाठीला बिलगली.

"इथूनच बरं आहे, आई."

निरुपद्रवी म्हणालात ना, डॉक्टर? मग माझी पोरगी पुढून कधी येणार, ते सांगा.