अर्धी कृती

दुरपदाच्या थोरल्या लेकीला जुळी झाली, त्या वर्षी शेजारच्या सोनाबाईने तिला शेंगोळ्यांची कृती विचारली. दुरपदाने सगळं सांगितलं. रश्श्यात कुळथाचं पीठ कालवून सोडायचं, तेवढं मुद्दाम गाळलं. गावात तिच्याच शेंगोळ्यांचं नाव होतं, ते का घालवायचं?

आठवड्याभराने सोनाबाईकडून डबा आला. दुरपदाच्या नवऱ्याने वाटी चाटूनपुसून खाल्ली. "जरा तिच्याकडून शिकून घे की!"

दुरपदा तणतणत गेली. "काय घातलंस गं त्यात?"

"तू सांगितलंस तेवढंच, बाई. देवाशपथ!" सोनाबाई पदराआड हसली.

खोटं म्हणावं, तर आपलीच चोरी उघडी पडणार. दुरपदा चहा पिऊन परतली.

पुढे वीस वर्षं दोघी एकमेकींना अर्ध्याच कृती देत राहिल्या. गेल्या श्रावणात सोनाबाई वारली, आणि त्या शेंगोळ्यांत तिने काय घातलं होतं, ते दुरपदाला कळायचं राहूनच गेलं.