सहानंतर

फाइलमध्ये एकोणीस छायाचित्रं होती. पंधरा धूसर, चार स्वच्छ. सगळी एकाच इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर, एकाच हाताने काढलेली. प्रत्येकाखाली धूसरपणा मोजून लिहिला होता, नॅनोमीटरमध्ये. अंक जितका लहान, तितकं चित्र स्पष्ट. धूसर पंधरांची सरासरी १.८ भरत होती.

समितीत तिघं होते. प्राध्यापकपदासाठी त्या सहयोगी प्राध्यापिकेचा हा तिसरा अर्ज. नियमाप्रमाणे चौथा करता येत नव्हता.

“माझी रोज ०.६ येतात,” धाकटे सर म्हणाले. त्यांना हे पद गेल्याच वर्षी मिळालं होतं. “बाईंचा हातच स्थिर नाही. चहा कमी करायला सांगा.”

बाहेरून आलेले तज्ज्ञ हसले. विभागप्रमुख मॅडमही हसल्या. विभागातल्या त्या पहिल्या स्त्री प्राध्यापक. ‘शिफारस नाही’ एवढं लिहून झाल्यावर त्यांनी प्राध्यापिकेला आत बोलावलं.

“अगं, चार चित्रं इतकी सुरेख. मग बाकीच्यांची अशी वाट का लावलीस?”

“त्या चार वेळी लिफ्ट दुरुस्तीला होती, मॅडम.”

“लिफ्टचा काय संबंध?”

“मायक्रोस्कोप लिफ्टच्या भिंतीला लागून आहे. लिफ्ट हलली की चित्र हलतं. ती सात वाजता बंद होते. सर त्यानंतर बसतात.”

“मग तूही संध्याकाळची वेळ मागायचीस! तोंड शिवलं होतं का?”

“मागितली होती. तीनदा.”

“आणि नाही कोण म्हणालं?”



“तुम्ही. ‘घरी मुलं वाट बघत असतील, सहानंतर बायकांनी थांबायचं नाही.’ वेळेच्या तिन्ही अर्जांवर तुमचंच अक्षर आहे. मुलांना सासूबाई सांभाळतात माझ्या. पण ते कोणी विचारलंच नाही.”

नियम मॅडमचाच होता, बारा वर्षांपूर्वीचा. सत्काराच्या भाषणात त्यांनी तो सांगितला होता, तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. त्याच वर्षी लिफ्ट बसवल्यापासून त्या स्वतः मायक्रोस्कोपवर एकदाही बसल्या नव्हत्या, फक्त वेळापत्रक लावत होत्या. या बारा वर्षांत सात जणींचे अर्ज धूसर चित्रांपायी परत गेले होते. सातही कागदांवर सही त्यांची.

“लिफ्टचं निमित्त हो,” धाकटे सर म्हणाले. “शेवटी हात तो हात.”

मॅडम उठल्या. “साडेअकरा वाजलेत, लिफ्ट चालू आहे. चला, तुम्ही बसा.”

“आत्ता?”

“आत्ता. तिचाच नमुना घ्या.”

सरांनी हसत हसत बाह्या दुमडल्या. प्राध्यापिकेने नमुना लावून दिला आणि ती बाजूला झाली. तज्ज्ञांनी मॅडमना खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत. भिंतीपलीकडे लिफ्ट वर जात होती, खाली येत होती. दुसऱ्या चित्रानंतर सरांचं हसू गेलं. चौथ्यानंतर त्यांनी खुर्ची बदलून मागितली.

एकूण पाच चित्रं काढली. सरासरी २.६.